सूत्रधाराच्या हातातली दोरी

प्रश्न असा आहे : कादंबरीत ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणाऱ्याला निवेदक म्हणायचं की सूत्रधार? मुलाच्या वहीत दोन्ही शब्द सापडले म्हणून एका वाचक बाईंनी विचारलंय.

निवेदक म्हणा. संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना झाली की निघून जातो, गोष्ट सांगत बसत नाही. ‘शाकुंतला’त तर नटीचं गाणं ऐकून तो आज कुठलं नाटक करायचंय तेच विसरतो आणि तिला आठवण करून द्यावी लागते. असल्या माणसाच्या हाती अख्खी कादंबरी कोण देईल?

आता मूळ दुखण्याकडे येतो. रोज संध्याकाळी टीव्हीवर ‘घोटाळ्याचा मुख्य सूत्रधार फरार’ ऐकून कान किटले. त्यामागचं चित्र कळसूत्री बाहुल्यांचं : पडद्यामागे बसून दोऱ्या ओढणारा कुणीतरी. पिशेल या जर्मन पंडिताने 1900 साली हेच मांडलं, की भारतीय नाटक बाहुल्यांच्या खेळातून आलं आणि सूत्रधार म्हणजे बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा. तेव्हापासून जो तो हेच घोकतोय. मला हे अजिबात पटत नाही. कोकणातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या मलाही आवडतात, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

दोरी आहे, पण ती मोजायची. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा, म्हणजे नाटकावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचा, दुसरा अध्याय उघडा. नाटकघर बांधायचं तर पुष्य नक्षत्रावर पांढरी दोरी ताणून जमीन आखायची. दोरी मधोमध तुटली तर यजमानाचा मृत्यू, तिसऱ्या भागावर तुटली तर राष्ट्रावर कोप, चौथ्या भागावर तुटली तर प्रयोग करणाऱ्याचाच नाश. नुसती हातातून निसटली तरी काहीतरी नुकसान ठरलेलंच. एवढा धाक असलेली दोरी धरणारा माणूस साधासुधा असेल?

पुढे पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाचा वास्तुकार मंडन ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. त्याचा नाटकाशी काय संबंध? बंगालात सूत्रधर म्हणजे सुतार. आणि आपला ‘सुतार’ तरी कुठून आला? याच सूत्रधारातून झिजत झिजत. (काही जण ‘सूत्रकार’ म्हणतात. म्हणोत, दोरी तर सुटत नाही.) माझ्याकडे कपाट करायला आलेला सुतार परवा फळीला बोट लावून म्हणाला, “दोन सूत कमी करावं लागेल.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हातात स्टीलची टेप होती, पण तोंडात अजून सूतच.

आता माझा लाडका पुरावा. जनमेजय राजाच्या सर्पसत्राची, म्हणजे साप जाळण्याच्या यज्ञाची, जागा मोजली जात असताना महाभारतात एक जण बजावतो, की ज्या जागी आणि ज्या वेळी हे मापन चाललंय ते पाहता एका ब्राह्मणाच्या निमित्ताने हा यज्ञ अपुरा राहील. पुढे आस्तिक नावाचा ब्राह्मण येऊन यज्ञ थांबवतो आणि तसंच होतं. हे बोलणाऱ्याची ओळख आदिपर्वात काय दिलीय? स्थपती, वास्तुविद्येत निष्णात, सूत्रधार, सूत (मापाचं नव्हे, कथा सांगणारा), पौराणिक. जमीन मोजणारा आणि पुराण सांगणारा एकच माणूस, आणि दोरी हातात असतानाच त्याला गोष्टीचा शेवट ठाऊक! माझं मत असं, की रंगभूमीवरचा सूत्रधार याच माणसाचा वंशज. सुतावरून स्वर्ग गाठतोय म्हणाल, तर म्हणा.

मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे यांचा सूत्रधार मात्र खेळभर पदं गात गोष्ट पुढे नेई, म्हणजे जवळजवळ निवेदकच. (भावे बाहुल्याही करत. पिशेलवाल्यांना हे सांगू नका.) तेव्हा बाई, मुलाने भाव्यांच्या नाटकाबद्दल ‘सूत्रधार’ लिहिलं असेल तर राहू द्या. कादंबरीच्या उत्तरात खोडून ‘निवेदक’ करा.