'डबल फेस' ही छोटी जपानी क्राइम मालिका कशी आहे? मूळ हाँगकाँगचा सिनेमा पाहिला असेल तरी पाहावी का?

हो, पाहा. मूळ सिनेमा पाहिला असेल तर आवर्जून पाहा.

तुमची अडचण दुहेरी आहे. दहा-बारा भागांची सिरीज पाहायला वेळ नाही, आणि पोलिसांनी टोळीत पेरलेल्या माणसाची ही गोष्ट तुम्ही 'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) हा मूळ हाँगकाँगचा सिनेमा आणि 'द डिपार्टेड' (२००६) हा त्याचा हॉलिवूड अवतार अशी दोनदा पाहून बसला आहात. वेळेचा प्रश्न लगेच मिटतो. 'डबल फेस'चे दोनच भाग आहेत आणि प्रत्येक भाग एका सिनेमाएवढा आहे. शनिवारी एक, रविवारी एक, संपलं. तिसऱ्यांदा तीच गोष्ट का पाहायची, याचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण मला ही मालिका मनापासून आवडलेली आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये टीबीएस आणि वाउवाऊ या दोन जपानी वाहिन्यांनी मिळून ही केली. दिग्दर्शक एइचिरो हासुमी. पहिला भाग टीबीएसवर, म्हणजे घरोघरी फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर लागला. दुसरा वाउवाऊवर, आणि ती पैसे भरून घ्यायची उपग्रह वाहिनी. तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला शेवट पाहायचा तर खिशात हात घालणं भाग होतं. आज आपल्याला दोन्ही भाग सलग पाहता येतात, पण ही विभागणी लक्षात ठेवा. सगळी मालिका तिच्याभोवती रचलेली आहे.

गोष्टीचा सांगाडा तुम्हाला ठाऊकच आहे. मोरिया हा पोलीस. वर्षानुवर्षं ओदाच्या याकुझा, म्हणजे जपानी संघटित गुन्हेगारांच्या टोळीत टोळीवाला म्हणून राहतोय, आणि तो खरा कोण हे पोलीस खात्यात फक्त त्याच्या वरिष्ठाला, ओनोदेराला माहीत आहे. ताकायामा हा ओदाचा माणूस. त्याला ओदानेच तरुणपणी पोलिसांत घुसवलं आणि आता तो तिथे चांगल्या हुद्द्यावर आहे. अमली पदार्थांच्या एका व्यवहाराच्या रात्री दोघेही आपापल्या मालकाला आतली खबर पुरवतात. व्यवहारही फसतो, सापळाही फसतो, आणि दोन्हीकडे एकाच वेळी कळून चुकतं की आपल्यात कुणीतरी घरभेदी आहे. इथून पुढचं काही सांगत नाही.

मोरियाला 'खबऱ्या' म्हणावंसं वाटेल, पण नेहमीचा खबऱ्या यात नाही. खबऱ्या आपल्याच जगात राहतो, पैशासाठी किंवा एखाद्या केसमधून सुटण्यासाठी माहिती विकतो आणि घरी जातो. मोरियाला जायला घर नाही.

मूळ सिनेमात दिग्दर्शक अँड्र्यू लाऊ आणि ॲलन माक दोन्ही बाजू एकमेकींत विणत जातात. त्या व्यवहाराच्या रात्रीचा प्रसंग आठवा. टोळीत शिरलेला पोलीस, म्हणजे टोनी लेउंग, बोटाने हलकेच टकटक करतोय, आणि तिकडे कानाला हेडफोन लावलेला त्याचा साहेब त्या टकटकीतून मोर्स कोड उलगडतोय. त्याच खोलीत पोलिसांत घुसलेला टोळीचा माणूस, म्हणजे ॲण्डी लाऊ, आहे. एक शॉट इकडे, एक तिकडे. आपल्याला दोन्हीकडचं सगळं कळतं आणि पाऊणेदोन तासांच्या आत खेळ आटोपतो. त्या सिनेमाची सगळी मजा वेगात आणि बरोबरीत आहे. प्रेक्षक कुणाच्याच बाजूने पूर्ण झुकत नाही, कारण त्याला तेवढी उसंतच मिळत नाही.

'डबल फेस' ही बरोबरी मोडतं. पहिला भाग मुख्यतः मोरियाचा आहे. त्याची झोप उडालेली, स्वभाव चिडका झालेला, आणि 'साहेब, आता मला बाहेर काढा' हे एकच मागणं. भाग संपेपर्यंत आपण पुरते त्याचे झालेले असतो. दुसऱ्या भागात कॅमेरा ताकायामाच्या बाजूला सरकतो. ज्याच्यामुळे मोरियावर ही वेळ आली त्याच माणसाबरोबर आता आणखी एक सिनेमाभर बसायचं. सुरुवातीला मला त्याचा रागच येत होता. मग हळूहळू त्याचीही भीती दिसायला लागली, आणि एका टप्प्यावर लक्षात आलं की तो सापडू नये म्हणून आपणच श्वास रोखून बसलोय. एका प्रेक्षकाकडून दोन वैऱ्यांना अशी पाळीपाळीने माया मिळवून देणं फार अवघड आहे. मूळ सिनेमात हे होत नाही, 'द डिपार्टेड'मध्ये तर नाहीच नाही.

यातलं निम्मं श्रेय नटांचं. मोरियाच्या भूमिकेत हिदेतोशी निशिजिमा आहे. 'ड्राइव्ह माय कार'मुळे (२०२१) तो आता जगभर ओळखीचा झालाय, आणि तिथली त्याची आतल्या आत कुढणारी शांतता ज्यांना आवडली त्यांना तीच इथे नऊ वर्षं आधी, पण जीव मुठीत धरून बसलेली दिसेल. समोरच्याचं बोलणं ऐकताना तो जे करतो ते पाहत राहावं असं आहे. टोळीतल्या कुणी सहज काही विचारलं तरी उत्तराआधी तो इवलासा अडखळतो. तेवढ्यात तो ठरवत असतो की हा प्रश्न खरंच सहज आहे, की आपण पकडले गेलोय.

ताकायामा म्हणजे तेरुयुकी कागावा. २०१३ मध्ये गाजलेल्या 'हानझावा नाओकी'तला तो खलनायक बँकर ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल की हा माणूस चेहऱ्याच्या प्रत्येक स्नायूने अभिनय करतो. गंमत अशी की ज्या वर्षी 'डबल फेस' आलं त्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, तो वयाच्या ४६व्या वर्षी इचिकावा चुशा हे नाव घेऊन काबुकीच्या, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकाच्या रंगमंचावर उतरला. वडील काबुकीतले मोठे नट, पण वडील-मुलात कित्येक वर्षं दुरावा होता. बापाने दिलेली ओळख, आपण कमावलेली ओळख, आणि त्यातली आपली कुठली, हा ताकायामाचा पेच ज्याने साकारला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात त्या वर्षी नेमकं काय चाललं होतं हे कळल्यावर मी दुसरा भाग पुन्हा पाहिला. इथे कागावा चेहऱ्यावरचा तो मोठा अभिनय बराचसा आवरून धरतो. ऑफिसात नेटका सूट, अदबशीर बोलणं, आणि मधूनच एखादी नजर अशी की ओदाचा पोरगा तिथे उभा आहे हे फक्त आपल्यालाच दिसावं.

आणि ओदा! फुमियो कोहिनाता. जपानी मालिकांमध्ये प्रेमळ काका म्हणून आपण ज्याला पाहतो तो माणूस. आवाज चढवत नाही, हसून बोलतो, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. त्याच ऑक्टोबरमध्ये ताकेशी कितानोच्या 'आउटरेज बियाँड'मध्ये हाच कोहिनाता थिएटरात लबाड पोलीस अधिकारी म्हणून दिसत होता. एकाच महिन्यात टीव्हीवर याकुझाचा म्होरक्या आणि पडद्यावर याकुझांना झुंजवणारा पोलीस!

जपानमध्ये ही गोष्ट वेगळी का वाटते त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते पडद्याबाहेरचं आहे. मी काही काळ तोक्योत नोकरीला होतो. निशिकासाईला घर भाड्याने घेताना एजंटने समोर बसून करारातला महत्त्वाचा मजकूर एकेक करून वाचून दाखवला, तसा तिथला कायदाच आहे. त्यात भाडं, डिपॉझिट, कचरा यांच्या जोडीला एक कलम होतं: भाडेकरू कोणत्याही बोर्योकुदानचा, म्हणजे याकुझा टोळीचा सदस्य नाही, असल्याचं निघालं तर करार ताबडतोब रद्द. बँकेत खातं उघडताना पुन्हा तीच घोषणा. त्या एजंटने ते कलम पाण्याच्या बिलाइतक्याच सहज वाचलं.

हे सगळं आलं ते टोळ्यांविरुद्धच्या स्थानिक नियमांमधून. १९९२ पासून टोळीविरोधी कायदा होता, पण २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत जपानच्या सर्वच प्रांतांत असे नियम झाले की सामान्य माणसाने आणि कंपन्यांनीही याकुझाशी व्यवहार ठेवायचा नाही. टोळीतल्या माणसाला बँक खातं नाही, भाड्याचं घर नाही, मोबाइलचं कनेक्शन मिळायची मारामार. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं बँका आणि कंपन्या त्याला याकुझाच धरतात. 'डबल फेस' त्यानंतर अवघ्या वर्षभराने आलं. मोरियाचा पोलीस असल्याचा पुरावा एकट्या ओनोदेराच्या हातात आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहा. तो पुरावा गेला तर हाँगकाँगच्या सिनेमातला माणूस बिल्ला गमावतो. जपानमधला माणूस कागदोपत्री माणसांतूनच उठतो. साधं घर भाड्याने घ्यायचं तर त्याच्यापुढे ते कलम येणार, आणि तो खरं काय सांगणार? म्हणून 'मला बाहेर काढा' हे त्याचं मागणं इथे जास्त काळीज चिरतं.

तपशिलाचे काटेकोर असाल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. असा वर्षानुवर्षं टोळीत राहणारा पोलीस ही जपानमध्ये जवळपास कल्पनाच आहे. तिथले पोलीस या बाबतीत फार हातचं राखून वागतात. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या एका खटल्यात बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लावायला मर्यादित मोकळीक दिली, तीही इतर मार्गाने तपास अवघड असेल आणि समोरचा संधी मिळाली की गुन्हा करेलच असा संशय असेल तर. खोटं ओळखपत्र वापरून गुन्हेगारांमध्ये शिरायची पद्धत राष्ट्रीय पोलीस संस्थेने आणली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये. तीसुद्धा याकुझांसाठी नाही. सोशल मीडियावर 'झटपट पैसे कमवा' अशा जाहिराती देऊन पोरांना दरोड्यांना जुंपणाऱ्या टोळ्यांसाठी. याकुझांची संख्या तोवर पार घसरली होती. १९६०च्या दशकात पावणेदोन लाखांच्या वर असलेले हे लोक २०२४ अखेर वीस हजारांच्याही खाली आले. त्यामुळे मोरियाची नोकरी खरी मानू नका. त्याचा एकटेपणा खरा माना.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे स्त्री पात्रं. मोरिया ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो ती एमी वाकुई, ताकायामाची प्रेयसी आओई यू. दोघी उत्तम अभिनेत्री, आणि दोघींना लेखकाने फक्त ऐकायला बसवलंय. आओई यू वाट्याला आलेल्या मोजक्या प्रसंगांत जीव ओतते, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. एवढा ऐसपैस वेळ हाताशी असताना तिला स्वतःची गोष्ट देणं सहज शक्य होतं. दुसरं, पहिला भाग मध्यावर रेंगाळतो. मूळ सिनेमाचा झपाटा मनात ठेवून बसलात तर तिथे हात रिमोटकडे जाईल. धीर धरा, त्या रेंगाळण्यातच मोरियाची दमछाक अंगात भिनते.

दोन सूचना करतो. एक, मूळ सिनेमा उजळणी म्हणून आदल्या दिवशी लावू नका. प्रत्येक प्रसंगाची ताडून तुलना करत बसाल आणि निशिजिमा हातचा निसटेल. जेवढा आठवतोय तेवढा पुरे. दोन, इंग्रजी सबटायटल लावून पाहणार असाल तर कोण कुणाशी किती अदबीने बोलतंय इकडे कान ठेवा. जपानी येत नसलं तरी स्वर कळतो. ओदासमोरचा ताकायामा आणि पोलीस ठाण्यातला ताकायामा यांचा आवाजच वेगळा आहे.

आवडलं, तर पुढे 'मोझू' (२०१४) पाहा. तोच दिग्दर्शक, तेच दोन नट आणि पुन्हा टीबीएस-वाउवाऊची तशीच विभागणी. गोष्ट मात्र बॉम्बस्फोटाची आणि बरीच लांबलचक आहे, म्हणून तुमच्याकडे वेळ असेल तेव्हाच हात घाला.