तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: लोन ऑफिसरचा नंबर बघितलात का?

प्रश्न: आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत पहिलं घर घेतोय. मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लोन ऑफिसर सुचवला, म्हणे आपलाच माणूस आहे, आणि त्याच्याकडे कोणाला पाठवलं की पाठवणाऱ्याला ५०० डॉलर मिळतात. इकडे आमच्या बँकेतल्या मॅडम म्हणतात त्यांना लायसन्सच लागत नाही! कोणाचं ऐकायचं?

उत्तर: मॅडम खोटं बोलत नाहीयेत, आधी ते सांगतो. घरकर्जांचा सगळा घोळ चव्हाट्यावर आला त्या सुमाराला, २००८ मध्ये, अमेरिकेत लोन ऑफिसरांसाठी सेफ ॲक्ट नावाचा कायदा आला आणि त्यात दोन वाटा झाल्या. बँकेच्या नोकरीतला लोन ऑफिसर फक्त रजिस्टर होतो, बोटांचे ठसे देतो, एनएमएलएस नंबर (लोन ऑफिसरांच्या देशभरच्या नोंदणीतला नंबर) घेतो आणि कामाला लागतो. ब्रोकर किंवा बँक नसलेल्या मॉर्गेज कंपनीतला माणूस असेल तर त्याला मात्र राज्याचं लायसन्स लागतं, म्हणजे आधी निदान २० तासांचा कोर्स, मग ७५ टक्के मिळवून पास व्हायची परीक्षा, एफबीआयकडून तपासणी, त्याचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, आणि पुढे दरवर्षी निदान ८ तासांचा अभ्यास. गेल्या सात वर्षांत कुठलाही गंभीर गुन्हा सिद्ध झालेला असेल तर लायसन्स नाही, आणि तो फसवणुकीचा असेल तर मग तो कितीही जुना असो, दार बंद.

गंमत बघा, परीक्षा द्यावी लागते ती ब्रोकरला, पण आपल्या लोकांना भरवसा वाटतो बँकेच्या काउंटरचा. असो. नंबर दोघांनाही असतो. तो मागा, आणि एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस नावाची फुकट वेबसाइट आहे तिथे टाका. माणूस आधी कुठे कुठे काम करत होता, कुठल्या राज्यात लायसन्स आहे, सरकारने कधी कारवाई केली का, सगळं दिसतं. एक गोष्ट लोक हमखास विसरतात, लायसन्स घर ज्या राज्यात आहे तिथलं पाहिजे. तुमचा ‘आपलाच माणूस’ टेक्सासमध्ये बसून काम करत असला तरी चालेल, पण त्याच्या पानावर न्यू जर्सी दिसलं पाहिजे. नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपला.

आता त्या ५०० डॉलरचं. हे मला अजिबात आवडलेलं नाही. कर्जासाठी गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे देणं आणि घेणं, दोन्ही घरकर्जाच्या व्यवहारांवरच्या रेस्पा कायद्यात बसत नाही, आणि हा कायदा १९७४ पासून आहे, त्यामुळे माहीत नव्हतं असं लायसन्सवाला म्हणू शकत नाही. तसंच तुम्हाला व्याजाचा जास्त रेट चिकटवला म्हणून लोन ऑफिसरला जास्त कमिशन, हाही प्रकार आता बंद आहे, पूर्वी सर्रास चालायचा.

पण लायसन्स आहे म्हणजे रेट चांगलाच मिळेल असं नाही हं. त्यासाठी दोघांकडूनही लोन एस्टिमेट, म्हणजे रेट आणि खर्च लिहिलेला फॉर्म, घ्या, अर्ज दिल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत द्यावंच लागतं. दोन्ही शक्यतो एकाच दिवशी मागवा, कारण रेट रोज हलतो. दुसऱ्या पानावर ए सेक्शन आहे, त्यात लेंडर स्वतःची फी किती लावतोय ते कळतं, पॉइंट्स, म्हणजे रेट कमी करून घ्यायला आधीच भरायचे पैसे, पण तिथेच लपलेले असतात. तिसऱ्या पानावर ऑफिसरचं नाव आणि नंबर छापलेला असतो, तो कार्डावरच्या नंबराशी जुळवून बघा. नाव भलत्याचंच असेल तर तुमच्याशी रेटचं बोलणारा नेमका कोण आहे ते विचारा, कारण नुसत्या प्रोसेसरला, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्याला, रेट ठरवायची परवानगी नसते.

प्रश्न: ठाण्यात बाबांना होम लोनचा एजंट भेटलाय. त्यालाही असा नंबर असतो का?

उत्तर: नाही. आपल्याकडे भारतात डीएसएला, म्हणजे बँकेसाठी कर्जाची गिऱ्हाईकं आणणाऱ्या एजंटला, असं परीक्षा देऊन मिळणारं लायसन्स नाही, बँक त्याला नेमते आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेवरच राहते. महारेराचा नंबर दाखवला तर तो घर विकणाऱ्या एजंटचा, कर्जाशी त्याचा संबंध नाही. बाबांना सांगा, एजंट खरंच त्या बँकेचा आहे का ते ब्रँचमध्ये जाऊन विचारा, फाइलसाठी त्याच्या हातात रोख देऊ नका, आणि सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं आणि सगळा खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात ते त्यात लिहिलेलं असतं.