पेन्शन तुमची, नोकरी तिची

काका, तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून (महालेखाकार कार्यालयातून) निवृत्त झालात, अर्धं आयुष्य पेन्शनच्या फायलींत गेलं. मुलगी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क उत्तम. तिला अ‍ॅक्चुअरी व्हायचंय, म्हणजे पेन्शन आणि विमा योजनांचा पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा खर्च आज मांडायचाय. तुमच्या मते हे खूळ. तिने एसएससी सीजीएल ही केंद्र सरकारी नोकरभरतीची परीक्षा देऊन ऑडिटर व्हावं, 'म्हातारपण सुटलं.'

'फॉर्म मीच भरून टाकला, पासवर्डही माझ्याकडेच असतो' हे वाचून मी थांबलो. चार पानांत मुलीचं म्हणणं एका ओळीत, तेही 'काहीतरी सांगत असते' एवढंच. आणि घरात दोन महिने अबोला आहे, हे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिता! खरं तर पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं. पदवीला आलेल्या मुलीच्या नावाने परस्पर फॉर्म भरणं याला मी काळजी म्हणणार नाही. पासवर्ड आजच तिच्या हाती द्या, पेपरला बसायचं की नाही ते ती ठरवेल. 'स्थळं चांगली येतील' या मुद्द्यावर मी बोलतच नाही.

आता तुमचा मुख्य समज. सरकारी नोकरी म्हणजे माझ्यासारखी पेन्शन, असं तुम्ही लिहिता. काका, तुम्ही त्याच खात्यातले, तुम्हाला हे कोणी सांगायला नको. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात लागलेल्यांना (सैन्यदलं सोडून) ती पेन्शन नाही, एनपीएस आहे, म्हणजे नोकरदार आणि सरकार दोघांच्या हिश्श्यातून साठणारा आणि बाजारात गुंतवलेला निधी. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (युनिफाइड पेन्शन स्कीमचा) पर्याय आला. त्यात २५ वर्षं नोकरी केली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, पण दरमहा १० टक्के स्वतःच्या पगारातून कापले जातात. तुमच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापलं गेलं नाही, कारण तुमच्या नावाने कुठे गंगाजळी साठवलेलीच नव्हती. आज कर भरणाऱ्यांच्या पैशातून आज निवृत्त असलेल्यांना द्यायचं, अशी ती रीत. कमावणारे भरपूर आणि म्हातारे थोडे, तोवर ती बिनबोभाट चालते. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांची पेन्शन आणली तेव्हा वयाची अट ७० होती, तिथवर पोचणारेच कमी. आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.० वर आलाय, आयुष्य मात्र लांबतंय. राजस्थानने २०२२ मध्ये जुनी पेन्शन परत आणायची घोषणा केली. त्यात एनपीएसमधला सरकारचा हिस्सा आज वाचतो आणि खरं बिल २००४ नंतर लागलेले लोक निवृत्त होऊ लागले की येतं. तोवर घोषणा करणारे कुठे असतील?

म्हणून सामाजिक विमा म्हणजे विकासाच्या पायातली बेडी, असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. आजारपणाची आणि म्हातारपणाची धास्ती असलेलं घर पैसा सोन्यात अडकवतं आणि मुलांना धोका पत्करू देत नाही. (तुमचंच घर बघा, पेन्शन असूनही!) पण पगार-पेन्शन-व्याजातच तिजोरी रिकामी होऊ लागली की रस्ते, शाळा, दवाखाने मागे पडतात आणि ज्या वाढीतून पेन्शन द्यायची तीच मंदावते. किती द्यायचं, कोणी भरायचं, कोणत्या वयापासून, हा हिशेब कोणीतरी नीट करायला हवा. तुमची मुलगी तेच काम मागतेय. तुम्ही एकेका माणसाची फाईल पाहिलीत, ती अख्ख्या पिढीची पाहील.

मार्ग सांगतो. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा एसेट, पुढे बरेच पेपर, वर्षं लागतात, नापास होणं नेहमीचं. सरकारीच हवं असेल तर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, तिच्या विषयाला ऑडिटरच्या खुर्चीपेक्षा कितीतरी जवळची. फी, क्लास, नोकरी करत पेपर देता येतील का, हे सगळं मी तिच्याशी बोलेन. पुढचं पत्र तिने लिहावं, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नये.