सोलापूरकडच्या जुन्या वाड्याचे आणि शेताचे वर्षभर, ऋतूंनुसार फोटो काढायचे आहेत. कधी जावं, काय काढावं?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. मंगळवेढ्याच्या बाजूला तुमच्या आजोळचा माळवदाचा, म्हणजे सपाट मातीच्या छपराचा, जुना वाडा आहे, लागून कोरडवाहू काळं रान आणि एक बांधीव विहीर. शेती मामा बघतात, तुम्ही पुण्यात असता. ऑगस्टमध्ये हिरवंगार शेत, डिसेंबरात सुगी आणि मेमध्ये भेगाळलेली जमीन, अशा तीन खेपांत वर्ष बसवायचं तुम्ही ठरवलंय. नवा कॅमेरा घ्यावा का, हेही विचारलंय.

कॅमेऱ्याचं मागाहून बघू. आधी ते वेळापत्रक बाजूला ठेवा, कारण ते मावळातलं आहे, मंगळवेढ्यातलं नाही.

ऑगस्टमध्ये पुण्याहून निघालात तर भिगवणच्या पुढे रस्त्याच्या कडेचा रंग बदलत जाईल आणि मामांच्या रानात पोचाल तेव्हा समोर काळीभोर, कुळवलेली, मोकळी जमीन असेल. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यांत मोठा. म्हणून भारी काळ्या रानात पावसाळ्यात बहुतेक पेरतच नाहीत. कुळवाच्या पाळ्या घालून तण मारतात, ओल जिरवतात आणि वाट बघतात. उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली, की ज्वारी पेरली जाते. म्हणजे तिकडे हिरवळीचा ऋतू नोव्हेंबरला सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीत भरात येतो आणि सुगी फेब्रुवारीत. तुम्ही डिसेंबरात कापणी बघायला गेलात तर ज्वारी नुकती निसवलेली, म्हणजे कणसं बाहेर पडलेली, असेल.

त्यामुळे तारखा ठरवू नका, कामं ठरवा. मामांना पंधरा दिवसांनी एक फोन करायचा आणि ‘पाऊस आहे का?’ असं न विचारता ‘रानात काय चाललंय?’ असं विचारायचं. कुळवणी, पेरणी, कोळपणी, राखण, हुरडा, काढणी, मोडणी (कणसं खुडणं), मळणी. यातल्या प्रत्येक कामाला आठ-दहा दिवसांचीच खिडकी असते आणि ती दरवर्षी थोडी मागेपुढे सरकते. २०२० च्या ऑक्टोबरसारखं एखादं वर्ष तर असं निघतं की ऐन पेरणीच्या दिवसांत अतिवृष्टी होते आणि भीमा पात्राबाहेर पडते. हवामानाच्या अ‍ॅपवर हे कळत नाही, मामांना कळतं.

आता मालिकेचा कणा. एक जागा कायमची धरा, जिथून वाडा, विहीर आणि रान एका चौकटीत येतील. बांधावरचा एखादा पक्का दगड शोधा, त्यावर रंगाची खूण करा. लेन्स एकच, उंची एकच, कॅमेऱ्याची दिशाही एकच. पहिल्या फोटोची प्रिंट सोबत ठेवा आणि दर खेपेला वाड्याचा कोपरा आणि मागचं लिंबाचं झाड त्या प्रिंटशी जुळवून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण वर्षाअखेरीस हेच फोटो ओळीनं लावल्यावर बोलतात. सुटे सुंदर फोटो कुणीही काढतं.

इथे एक गंमत आहे. मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही या भागात घराघरात आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच काळ्या रानाच्या जोरावर. तर तुम्ही बांधावर उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून चौकट धरली असेल, तर जानेवारीत वाडा दिसणारच नाही. ताटंच ताटं! लोक अशा वेळी चार पावलं सरकून वाडा पुन्हा चौकटीत आणतात. माझं म्हणणं, सरकू नका. ऑगस्टमध्ये उघड्या रानात एकटा उभा असलेला वाडा, जानेवारीत पिकानं गिळलेला आणि मार्चमध्ये कडब्याच्या पेंढ्यांमागून पुन्हा वर आलेला, याहून चांगली गोष्ट तुम्हाला रचून सापडायची नाही. वाटल्यास दुसरी चौकट माळवदावरून धरा, तिथून पीक वरून दिसेल. मात्र माळवद आधी मामांना दाखवून घ्या, जुन्या तुळया कुठे पोकळ झाल्यात ते त्यांनाच माहीत असतं.

माळवदाचा विषय निघालाच आहे तर वाड्याबद्दल बोलतो. सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर तुळया, त्यावर किलचन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती, अशी ही छपरं. उन्हाळ्याच्या अखेरीस नवी माती टाकून, दाबून, पाण्याला उतार देऊन त्यांची डागडुजी होते. ते काम मे अखेर ते मृगाच्या आत उरकतात. पावसाळ्यात त्याच मातीवर गवत उगवतं. म्हणजे ऑगस्टमध्ये खाली रान काळं आणि वर छप्पर हिरवं. तुमची ऑगस्टची खेप वाया जाऊ नये असं वाटत असेल तर त्या वेळी हे छप्पर टिपा. आता गावोगावी माळवदं उतरवून स्लॅब पडताहेत, तेव्हा किलचनाची बांधणी, दरवाजाचा अडणा (आतून लावायचा आडवा दांडा), धान्याचं बळद (भिंतीतली कोठी), पेव (जमिनीतलं धान्याचं कोठार) असेल तर त्याचं तोंड, हे सगळं जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढून ठेवा. हे फोटो कुणाला आवडणार नाहीत, पण उद्या डागडुजी करायची झाली तर सुताराला तेच लागतील.

आणि साणं. माळवदात उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. वाड्यात ऋतू बघायचा तर मला ही सगळ्यांत चांगली जागा वाटते. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी साण्यातला कवडसा सरळ खाली, जमिनीवर पडतो. मधल्या काळात, म्हणजे जूनमध्ये, सूर्य दुपारी थोडा उत्तरेला गेलेला असतो आणि कवडसा किंचित दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा ४९ अंशांच्या वर चढत नाही. छत दहा फूट उंच असेल तर कवडसा साण्याच्या बरोबर खालच्या जागेपासून साडेआठ-नऊ फूट उत्तरेला जातो. मध्ये भिंत आली तर भिंतीवर चढतो. माळवद जाड आणि साणं अरुंद असेल तर थंडीत तो आत उतरतच नाही, नुसता कडेचा दगड उजळतो. सोलापुरात घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे, ती साधारण साडेबाराच्या सुमारास होते. तेव्हा त्या वेळी तिथे असा, कॅमेरा तिवईवर ठेवा आणि उजेडावर एक्स्पोजर धरा. बाकी खोली काळी पडली तर पडू द्या. चुलीचा धूर असेल तर मग काय, कवडसा अख्खा दांड्यासारखा दिसतो.

हेच गणित बाहेरच्या भिंतींनाही लागतं. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे उगवतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. तुमच्या वाड्याचा दरवाजा उत्तरेला असेल तर त्यावर कोवळं ऊन फक्त मार्च अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच पडेल. थंडीत कितीही पहाटे उठलात तरी तो सावलीतच. आधी होकायंत्र घेऊन दिशा बघा, मग गजर लावा.

महिन्यामहिन्याचं सगळं सांगत बसत नाही, काही जागा मात्र चुकवू नका. जेठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर म्हणजे कारहुणवी असते. सीमेकडच्या गावांत बैल रंगवतात, मिरवतात, कर (तोरणासारखी बांधलेली दोरी) तोडतात. मामांकडे बैल उरलेत का ते आधी विचारा, हल्ली ट्रॅक्टरलाच हार घालायची वेळ आलीय. पेरणीला ट्रॅक्टर असेल तरी नाक मुरडू नका, तोही या वाड्याच्या इतिहासातलाच आहे. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे जोरात असते. रानात कडब्याची कोप करतात, पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील असा बेत असतो आणि ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडतात. तुमच्याकडे करत असतील तर हातातलं सगळं काम टाकून या, आणि कॅमेरा जेवणानंतर बाहेर काढा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेच्या आगेमागे, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत, हुरडा असतो. आगटीचा, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्यातल्या आगीचा, फोटो संध्याकाळी, आकाशात थोडा उजेड असतानाच घ्या. पूर्ण अंधारात नुसते निखारे येतात, माणसं येत नाहीत.

जानेवारीतली एक जवळून बघण्याची गोष्ट सांगतो. सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूनं ज्वारीच्या पानांकडे बघा. काही पानं तेल चोपडल्यासारखी चमकतात. तो दहिवराचा ओलावा नव्हे, मावा किडीचा चिकटा. ऊन वर आलं की दव उडतं, चिकटा तसाच राहतो, बोटाला लागतो, त्यावर धूळ बसते. फोटोत अप्रतिम दिसतो, पण मामांसमोर ‘वा, काय सुंदर!’ म्हणायच्या आधी त्यांचा चेहरा बघा.

काढणी फेब्रुवारीत. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन हातांत ताटं धरून, कमरेतून वाकून, एका झटक्यात. मुळांबरोबर मातीचं ढेकूळ येतं, ते पायावर आपटून झाडतात. तो क्षण हवा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा आणि गुडघ्यावर बसा, उभ्यानं काढलेल्या फोटोत फक्त पाठी येतात. मात्र तिथे जाणाऱ्या मजूर बायकांना आधी विचारा, नुसतं मामांना विचारून भागत नाही. त्या उक्त्यावर (ठरावीक कामाच्या ठोक मजुरीवर) असतील तर त्यांचा वेळ म्हणजे पैसा. पोझ द्यायला थांबवू नका. पुढच्या खेपेला प्रत्येकीच्या हातात छापील फोटो द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा चार दिवसांत वर सरकून जातो.

कॅमेरा आहे तोच पुरे. मोबाइल असेल तर मुख्य लेन्सच वापरा, रुंद कोनाची लेन्स वाड्याच्या भिंती वाकवते. दोनच गोष्टी सांभाळा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ‘डेलाइट’वर कायम करा, नाहीतर कॅमेरा मेचा पिवळा उजेड आणि डिसेंबरचा निळसर उजेड दोन्ही सारखे करून टाकील आणि ऋतूच पुसला जाईल. दुसरं, काळ्या मातीला कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. चौकटभर काळं रान दिसलं की कॅमेरा ते उजळून राखाडी करतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा, पाऊस पडून गेला असेल तर आणखी थोडं. मार्चमध्ये कडबा आणि मेमध्ये पांढरी भिंत असेल तिथे उलटं, थोडं वाढवा. मळणी यंत्राजवळ लेन्स बदलू नका. मेमध्ये दुपारी लांबून झूम करू नका, तापलेल्या हवेत चित्र लाटांसारखं हलतं. ड्रोन आणणार असाल तर आधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते बघा.

विहिरीचा फोटो वरूनच काढा. मोटेची धाव (बैलांची उतरती वाट) आणि थारोळं (मोट रिकामी होते ती दगडी कुंडी) शाबूत असेल तर तेच काढण्यासारखं आहे: नाडा घासून दगडात पडलेल्या खाचा सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. पाण्याची पातळी दर खेपेला त्याच कोपऱ्यातून टिपा, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आहे ते लिहून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर आटली होती का. उत्तर रेकॉर्ड करा, फोटोखाली लिहायला कामाला येईल.

एक व्यवहाराची गोष्ट. वाडा सामाईक असेल आणि वाटणीचं काही चालू असेल, तर मोजपट्टी आणि तिवई घेऊन फिरणाऱ्या भाच्याकडे भावकी वेगळ्या नजरेनं बघते. पहिल्याच दिवशी सगळ्या घरांत चहा घ्या आणि कशासाठी काढताय ते सांगून टाका.

सुरुवात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करा, पाभर (पेरणीचं अवजार) रानात जायच्या आधी. पहिली चौकट मोकळ्या काळ्या रानाची घेतलीत की पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघता येईल. दगडावरची खूण तेलरंगानं करा, चुन्याची पहिल्या पावसात जाते.