‘वरांग’ म्हणजे काय, आणि काय नव्हे

प्रश्न असा आला आहे: मावशीच्या सासरची मंडळी मॉरिशसची, मूळची रत्नागिरीकडची. त्यांच्या जुन्या घराच्या फोटोत पत्र्याचं उतरतं छप्पर दिसतं, छपराच्या कडेला नक्षीदार पत्र्याची झालर, खाली लाकडी खांब आणि खांबांच्या आत दोन वेताच्या खुर्च्या. या पुढच्या भागाला ती मंडळी ‘वरांग’ म्हणतात. हा संस्कृत शब्द का? आणि आपण त्याला ओसरी म्हणावं, पडवी म्हणावं की ओटी?

संस्कृत नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण ‘वर म्हणजे श्रेष्ठ, अंग म्हणजे भाग, म्हणून घराचा श्रेष्ठ भाग तो वरांग’ ही फोड मी गेल्या वर्षभरात तीनदा ऐकली आहे. एकदा तर एका सत्कार समारंभात, माईकवरून, टाळ्यांसकट. संस्कृत कोशात वरांग आहे, नाही असं नाही. त्याचा अर्थ मस्तक, दालचिनी, आणि आणखी एक अर्थ, जो त्या वक्त्यांनी आधी पाहिला असता तर माईक खाली ठेवला असता. घराशी काडीचा संबंध नाही.

मॉरिशसच्या क्रिओलमध्ये, फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या रोजच्या बोलीत, वरांग म्हणजे सरळ सरळ आपला व्हरांडा. शेजारच्या रियुनियन बेटावरही हाच शब्द चालतो. दोन्हींचं मूळ पोर्तुगीज ‘वरांडा’. इथे लगेच दुसरा गट उठतो: ‘पण पोर्तुगीजांनी तो आपल्याकडूनच नेला, संस्कृतात वरण्ड आहे!’ आहे ना. अर्थ बघा: तोंडावरची पुटकुळी, गवताचा ढीग, गळाची दोरी. यातल्या कशावर तुम्ही खुर्ची टाकून बसता? वास्को द गामाच्या सफरीच्या १४९८च्या रोजनिशीत कालिकतच्या मुक्कामात हा शब्द येतो. एका वरांड्यात आम्ही पडलो होतो, मोठी समई जळत होती, असा प्रसंग आहे. लिहिणारा शब्दाची फोड करत नाही, कारण लिस्बनच्या वाचकाला तो ठाऊक होता. स्पॅनिशमध्ये ‘बरांदा’ म्हणजे आजही कठडा. म्हणजे या जागेला नाव मिळालं ते जमिनीवरून नाही, छपरावरून नाही, कठड्यावरून. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने १८८६ सालीच हा वाद पुष्कळ चर्चून ठेवला आहे. तरी संस्कृतवाले हटत नाहीत, आणि फारसीवाले तर ‘बरामदा’ घेऊन बसलेत. बर् आमदन म्हणजे बाहेर येणं, म्हणून घरातून पुढे आलेला तो बरामदा. ऐकायला छान आहे. माझ्या मते कुणा मुन्शीने वरांड्याला चढवलेला तो फारसी अंगरखा आहे.

मराठीत शब्द कुठून आला हे तर त्याच्या तोंडावरच लिहिलं आहे. पोर्तुगीजांकडून थेट आलेली ‘चावी’ बघा: मूळ ‘शाव्ह’, आपण साधा व लावला. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना आपण व्ह लावतो: ड्रायव्हर, व्होट, व्हॅन. ‘व्हरांडा’तला ह हा साहेबाच्या बंगल्यातून आलेला ह आहे. ज्या गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले तिथे घरापुढच्या बसायच्या जागेला लोक बाल्कांव म्हणतात, हीही गंमतच.

मॉरिशसला मात्र ‘वरांडा’ हा शब्द इंग्रजांच्या आधी पोचला. १७१५ साली फ्रेंचांनी बेट घेतलं. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या ला बूर्दोनेने पोर्ट लुई शहर उभं केलं. कारागीर पाँडिचेरीकडूनही आणले होते, आणि त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मोडकीतोडकी पोर्तुगीज सगळ्यांनाच समजे. तेव्हा ‘वरांडा’ आला हे ठीक. पण ‘डा’चा ‘ग’ कसा झाला? फ्रेंच कोशकार ‘अपभ्रंश’ म्हणून मोकळे होतात. अपभ्रंश म्हणजे आम्हाला शोधायचा कंटाळा आला.

फ्रेंचमध्ये ‘वरांग’ हा शब्द आधीपासून होता. जहाजाच्या कण्यावर आडवी बसणारी तळाची फासळी म्हणजे वरांग. मूळ उत्तरेकडच्या नॉर्स दर्यावर्द्यांचं. आता विचार करा, ला बूर्दोने स्वतः सँ-मालो बंदराचा, हाडाचा खलाशी. घरं बांधणारे सुतार जहाजांवर काम केलेले. त्यांच्या कानावर ‘वरांडा’ पडला, आणि जिभेवर रोजचा ‘वरांग’ तयार होता. ओळीने उभे खांब, वर आडव्या तुळया: उलटी ठेवलेली होडीच ती! माझं म्हणणं पटत नसेल तर क्रिओलची इतर क्रियापदं बघा. गाय बांधायची असली तरी ‘अमारे’, जो मुळात जहाज दोराने बांधायचा शब्द. सोडायचं असलं की ‘लार्गे’, वळायचं असलं की ‘वीरे’. सगळी डेकवरची भाषा.

अजून एक देतो, मग थांबतो. १९६० साली जानेवारीत अलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल ही वादळं आली आणि गवताची, पत्र्याची घरं उडाली. पुढे सिमेंटची सपाट छपरं आली. त्या छपराला क्रिओलमध्ये म्हणतात ‘डाल’. स्लॅब ओतायच्या दिवशी नातेवाईक, शेजारी पाट्या वाहायला जमतात आणि मग सगळ्यांचं जेवण होतं. आपल्या माणसाला वाटेल आज डाळ शिजतेय. तर हा ‘डाल’ फ्रेंच, आणि फ्रेंच कोश त्याचंही मूळ नॉर्सच सांगतात: जहाजावरून पाणी वाहून जाण्याची पन्हळ. घर पायरीपासून छपरापर्यंत जहाजाचं!

हां, तुमची मंडळी. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख मजूर त्या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे बरेच. सुरुवातीला उसाच्या मळ्यावरच्या कॅम्पात, क्रिओलमध्ये ‘काँ’त, राहिले. झोपडीला उसाच्या पाल्याचं छप्पर, भिंती मातीच्या, जमीन शेणाने सारवलेली, आणि आगीच्या भीतीने स्वयंपाकघर वेगळं, बाहेर. सारवणं कुणी शिकवावं लागलं नाही. कोकणातली नाचाची जाखडी गेली ती तिथे ‘झाकरी’ झाली, पण राहिली. वरांगाची चैन मळेवाल्याच्या मोठ्या घराला. मजुराकडे जमीन आली, लाकूड-पत्रा परवडला, तेव्हा त्यानेही दारापुढे चार खांब उभे केले आणि साहेबाचा शब्द उचलला. बिहाराकडून गेलेल्यांच्या गाठीला ‘ओसारा’ होता, कोकणातून गेलेल्यांच्या गाठीला ओटी-पडवी. तरी वरांगच जिंकला, याचं मला थोडं वाईट वाटतं.

आता ओटी की पडवी. ओटी नको. ओटी चौथऱ्यावरची, माजघराच्या दाराशी लागून, पाहुण्याला बसवायची, झोपाळा टांगायची. तिच्या बाहेर, छप्पर खाली उतरवून काढलेली ती पडवी, जिथे कोयते, टोपल्या, कधी गुरंही. ओसरी देशावरच्या लोकांना म्हणू द्या. फोटोतल्या खांबांमध्ये लाकडी कठडा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कठडा असेल तर वरांगच म्हणा, नावाचा हक्क त्याचाच. नसेल तर बिनधास्त पडवी म्हणा, आणि मावशीलाही तसं कळवा.