आधी वही घाल

अगं, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात सामाजिक काम करणाऱ्यांचं नेटवर्क उभं करायचं म्हणतेस ना, मग लोगो आणि उद्घाटन नंतर बघू. आधी एक वही घाल: कोण, कुठल्या गावचं, काय काम करतंय, कुठं अडलंय. निपाणीपासून सुरुवात कर. तिथं मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या मुली तुझ्याच वर्गात असतील, विचार. देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा 1982 मध्येच झाला, पण सौंदत्तीकडे देवदासींसाठी काम करणाऱ्यांना अर्ज लिहायला कायद्याचा विद्यार्थी लागतो. ती गाठ तू घालून दे. माझ्या मते तुझं नेटवर्क असंच उभं राहील. एनएसएसच्या सरांनाही भेट. आणि पत्रक कन्नड-मराठी दोन्हींत काढ. आम्ही पहिल्यांदा फक्त मराठीत काढलं. कन्नड पोरं फिरकलीच नाहीत, ते मला अजून लागतं.