काकांचं कारण चूक, सल्ला बरोबर

"ताई, मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहान गावची. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं उडतात, ती आमच्या बांध्यांवरून जातात. रोवणीला वाकलेल्या बाया आता वर पाहत नाहीत. मी अजून पाहते. बारावीला पीसीएममध्ये ७८ टक्के पडले. मला पायलट व्हायचंय. आमची साडेतीन एकर धानाची शेती आहे. बाबा म्हणतात, दोन एकर विकू, अठरा लाख येतील, बाकीचं कर्ज काढू, तू उडायला लागलीस की जमीन परत घेऊ. गिऱ्हाईकही पाहून ठेवलंय. काका म्हणतात, पोरीच्या जातीला विमान कशाला, उद्या लग्न करून जाईल, जमीन विकू नका. भाऊ दहावीला आहे, तो काही बोलत नाही. आणि एक गोष्ट बाबांना सांगितली नाही. फोनवर एक माणूस म्हणाला की ओबीसी मुलींना शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो, नोंदणीचे पस्तीस हजार आधी भरा. शिलाईच्या पैशांतले पाच हजार मी पाठवलेत. आता तो रोज फोन करतो. काय करू?"

पोरी, आधी त्या पाच हजारांचं बोलू. बाकीचे तीस पाठवू नकोस. खरी शिष्यवृत्ती देणारा फोनवर नोंदणीचे पैसे मागत नाही, आणि 'शंभर टक्के मिळवून देतो' असं तर मुळीच म्हणत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, त्यावर तक्रार नोंदव. पैसे पाठवल्याची पावती आणि त्याचे मेसेज जपून ठेव. आणि आज रात्री जेवणं झाली की बाबांना सांगून टाक. रागावतील, तासभर बोलणार नाहीत. पण दोन एकर विकायला निघालेला माणूस पाच हजारांसाठी लेकीला टाकत नाही. तुझ्या मनावरचं ओझं मला त्या रकमेपेक्षा मोठं दिसतंय, आणि ते घेऊन पुढचा कुठलाच विचार धड होणार नाही.

आता काकांकडे येऊ. तुझ्या पत्रात त्यांच्यावर राग आहे आणि तो रास्त आहे. कोलकात्याहून सिल्चरला जाणारं फोकर विमान १९८५ साली फक्त बायांनी चालवत नेलं, तेव्हा कॅप्टनच्या खुर्चीत सौदामिनी देशमुख होत्या. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा 'पोरीच्या जातीला' हे कारण सोडून दे. पण कारण चुकीचं म्हणून सल्लाही चुकीचाच, असं नसतं. 'जमीन विकू नका' या तीन शब्दांपुरती मी काकांच्या बाजूची आहे. त्यामागचा हिशेब माझा आहे, तो त्यांच्या लग्नाच्या बोलण्याशी जोडू नकोस.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, त्याला किमान २०० तास उडावं लागतं. आपल्याकडे हे सगळं मिळून साधारण पन्नास लाखांच्या आसपास जातं, कुठे थोडं कमी, कुठे बरंच जास्त. म्हणजे हवेतला एक तास पंचवीस हजारांचा. तुझे अठरा लाख ७२ तासांत संपतात. आणि परवाना हातात आला की काम मिळालं असंही नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एखाद्या विमानाचं 'टाइप रेटिंग', म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याचं शिक्षण, वेगळं करावं लागतं, त्याचे आणखी दहा-पंधरा लाख धर. त्यानंतर कंपन्यांच्या परीक्षा, मुलाखती आणि वाट पाहणं.

मला सगळ्यात जास्त भीती अर्धवट राहण्याची वाटते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं तर पुढे कधीतरी पुरं करता येतं. इथे १२० तास उडालेल्या माणसाकडे साठ टक्के परवाना नसतो, काहीच नसतं. आणि तासांनाही मुदत असते, ते पिशवीत बांधून ठेवता येत नाहीत. माझ्या मावसभावाने एका उड्डाण शाळेत सगळी फी एकरकमी भरली होती. शाळेकडे विमानं पाच, त्यातली उडती दोन, आणि रांगेत पोरं चाळीस. दीड वर्षाचं शिक्षण साडेतीन वर्षांनी संपलं. त्याच्या घरी दुकानं होती म्हणून निभावलं. तुमच्या घरी उरलेली दीड एकर आहे आणि दहावीतला एक गप्प पोरगा.

त्या पोराकडे जरा बघ. तो बोलत नाही याचा अर्थ त्याला काही म्हणायचं नाही असा नव्हे. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर तिच्यात तुझा वाटा त्याच्याइतकाच आहे. तू काही कुणाची भीक मागत नाहीयेस, हे पक्कं लक्षात ठेव. पण वाटा त्याचाही आहे, आणि तो अजून अल्पवयीन आहे. अशा जमिनीचा व्यवहार करण्याआधी वकिलाला विचारायचं असतं, गिऱ्हाइकाला नाही.

'बाकीचं कर्ज काढू' असं बाबा म्हणतात. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या नमुना योजनेत वैमानिक प्रशिक्षण बसतं, हे खरं. पण साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूश असतात, कारण कर्ज थकलं तर सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या, कायद्याने ती जप्त करता येत नाही. मग गावातलं घर किंवा कुणाचा तरी प्लॉट लागतो. समजा चाळीस लाख मिळालेही, तरी साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ५४ हजारांचा हप्ता बसतो. हप्ता सुरू व्हायला शिक्षणानंतर साधारण एक वर्षाची सवलत असते. त्या वर्षात नोकरी लागली नाही तर? हा प्रश्न बाबांसमोर कागदावर मांड, तोंडी नको.

शिष्यवृत्तीचं आता खरं काय ते सांगते. तू ओबीसी आहेस, तेव्हा तुझ्यासाठी पहिलं दार म्हणजे नागपूरची महाज्योती. या संस्थेने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना आणली होती. जागा मोजक्या, निवड परीक्षेने. अशा योजनेची जाहिरात दरवर्षी ठरल्या तारखेला येत नाही, म्हणून त्यांचं संकेतस्थळ महिन्यातून एकदा तू स्वतः उघडायचं. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे आताच काढून ठेव. जाहिरात आल्यावर सेतूत रांगा लागतात. आणि दहावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते पाहा. हसू नकोस, तिथेच पोरांचे महिने जातात.

दुसरं नाव तुला सगळे सांगतील ते फुरसतगंजचं, उत्तर प्रदेशातलं. इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची शाळा आहे, प्रवेश परीक्षेने मिळतो, आणि परीक्षा द्यायला हरकत काहीच नाही. पण राखीव जागा म्हणजे माफ फी नव्हे. तिथेही फी पंचेचाळीस लाखांच्या घरात आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबच्या सीपीएलसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा ठरवलेली होती. ती तुला लागू नाही. सांगते एवढ्यासाठी की 'शिष्यवृत्ती' हा शब्द ऐकला की आपण सगळं फुकट असं धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तो खर्चाचा एक तुकडाच असतो. राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. तिच्या जोरावर अमेरिकेत उडायला पाठवतो असं कुणी म्हणालं तर फोन ठेव.

मग आता करायचं काय? जमिनीला हात न लावता, काही हजारांत होण्यासारखं बरंच आहे, आणि लोक नेमकं तेच शेवटी करतात. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीए म्हणजे वैमानिकांना परवाने देणारं केंद्राचं खातं. त्याच्या यादीतल्या डॉक्टरकडे 'क्लास टू' तपासणी होते, पुढे 'क्लास वन'. चष्मा चालतो. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र व्यावसायिक परवान्याचा रस्ता तिथेच बंद होऊ शकतो, आणि हा दोष असलेल्या माणसाला तो आहे हे बरेचदा माहीतच नसतं. फी भरून झाल्यावर हे कळलेली घरं आहेत. त्यानंतर डीजीसीएचा 'कॉम्प्युटर नंबर', म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, घे आणि लेखी पेपर सुरू कर : एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के लागतात. हे घरी बसून अभ्यास करून देता येतात. तपासणी झालेली, दोन-तीन पेपर निघालेले, अशी मुलगी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसली की समोरचा तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

यंदा बी.एस्सी.ला नाव घाल, विषय फिजिक्स आणि गणित. हे मन मारून करायला सांगत नाहीये, ऐक.

तुझ्या गावाजवळच, गोंदियाला, विमानतळ प्राधिकरणाची 'नियाटम' नावाची संस्था आहे. तिथे हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे वैमानिकाला 'उतर' आणि 'थांब' सांगणारी माणसं, घडतात. तू रोज मान वर करून विमान पाहतेस, त्याला रस्ता दाखवायला शिकणारी पोरं त्याच परिसरात राहतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. त्या जागेसाठी फिजिक्स-गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग लागतं. वय २७ पर्यंत, ओबीसींना तीन वर्षांची सूट. ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० आहे, आणि प्रशिक्षण नोकरीत घेतल्यावर, सरकारच्या खर्चाने.

आणि उडायचंच असेल तर या देशात सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती हवाई दल देतं, फक्त तिला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, २०२२ पासून मुली आहेत. पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. वयाची मर्यादा साडेएकोणीस, म्हणजे तुझ्या हातात एखाद-दुसरा प्रयत्न आहे. हुकला तर पदवीनंतर ॲफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा : वय २० ते २४, बारावीला फिजिक्स आणि गणितात प्रत्येकी ५० टक्के, पदवीला ६०. फ्लाइंग शाखेला उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, ती आजच दाराच्या चौकटीला उभं राहून मोजून घे. तिथे उडायला शिकवतात आणि प्रशिक्षणात वर पैसेही देतात. हे जमेलच असं मी म्हणत नाही. फार कठीण आहे. पण त्यात नापास झालीस तर तुझी वर्षं जातील, बाबांची बांधी जाणार नाही.

पुढे महाज्योतीची निवड झाली, किंवा आज दिसत नाही असा काही मार्ग निघाला, तर कुठल्याही उड्डाण शाळेत पाऊल टाकण्याआधी एक दिवस तिच्या धावपट्टीबाहेरच्या चहाच्या टपरीवर घालव. शिकणाऱ्या पोरांना विचार : आज किती विमानं उडाली? २०० तास व्हायला तुला किती महिने लागले? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? डीजीसीए २०२५ पासून या शाळांची श्रेणीही जाहीर करते, ती पाहा. फी हप्त्यांनी, उडालेल्या तासांप्रमाणे. एकरकमी भरली तर इतकी सूट, असं म्हणाले तर उठून ये.

बाबांना 'नाही' कसं म्हणू, असं तू विचारलेलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. लेकीसाठी जमीन विकायला निघालेला बाप मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही, आणि त्यांना तुझं 'नको' हे माघार वाटेल. म्हणून 'नको' म्हणू नकोस. म्हण, "बाबा, जमीन तीन वर्षं राहू द्या, मला तपासणीचे आणि पेपरांचे पैसे द्या." मागायला काहीतरी असलं की देणाऱ्यालाही बरं वाटतं. काकांना तपासणीच्या दिवशी सोबत ने. प्रवासभर बोलतील, बोलू दे.

गिऱ्हाइकाकडून बाबांनी इसार घेतला आहे का, एवढं आज विचार. घेतला असेल आणि कागदावर सही झाली असेल, तर त्या कागदाचा फोटो काढून तालुक्याच्या वकिलाला दाखव. ते सगळ्यात आधी, विमान त्यानंतर. आणि डोळ्यांच्या तपासणीचा निकाल मला कळव.

— तुझी ताई